मासळीच्या प्लँटात दोन पावसाळे काढलेली सिग्नल कंडिशनरची डबी

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू मोबाईलचा नाही की मिक्सरचा नाही, पॅनेलच्या आत डीन रेलवर (धातूच्या पट्टीवर) बसणाऱ्या, सेन्सरचा कच्चा सिग्नल सुधारून पुढे पाठवणाऱ्या बोटभर जाडीच्या डबीचा, म्हणजे सिग्नल कंडिशनरचा आहे, तेव्हा ज्यांना पीएलसी (प्लँट चालवणारा कंट्रोलर), ट्रान्समीटर (मोजलेला आकडा सिग्नल करून पाठवणारा) वगैरेशी देणंघेणं नाही त्यांनी खुशाल पुढे सरका. पण कोकणात किनाऱ्यालगत कोणाचं बर्फाचं, मासळीचं, आंब्याच्या पल्पचं युनिट असेल किंवा तिथे मेंटेनन्सला असाल तर वाचा, कारण मी विकत घ्यायच्या आधी नेटवर शोध शोध शोधलं आणि जे सापडलं ते सगळं एसी रूममध्ये टेबलावर ठेवून टेस्ट केलेलं, खाऱ्या वाऱ्यात ही डबी किती टिकते ते कोणीच लिहिलेलं नाही.

मी रत्नागिरीजवळच्या एका मासळी फ्रीझिंग प्लँटचं इलेक्ट्रिकल आणि इन्स्ट्रुमेंटचं काम बघतो. पगारी नाही, वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर. अमोनियाचे कॉम्प्रेसर, प्लेट फ्रीझर, दोन कोल्ड स्टोअर आणि बाजूला लादीचा बर्फ. कंपनीचं नाव लिहीत नाही, डबीच्या कंपनीचं पण नाही, कारण खाली थोड्या शिव्या पण आहेत आणि मला उगाच कोणाचे फोन नकोत.

तर भानगड काय होती. कोल्ड स्टोअर उणे १८ ला ठेवायचं, एक्स्पोर्टचा माल, रेकॉर्ड दाखवावं लागतं. आणि स्क्रीनवर आकडा दिसायचा कधी उणे १४, कधी उणे १७, आणि बाष्पकाच्या पंख्यांचा ड्राईव्ह (मोटरचा वेग बदलणारा) चालू झाला की आकडा नुसता नाचायचा. आमचे ऑपरेटर काका मालवणकडचे, प्लँट सुरू झाला तेव्हापासूनचे, त्यांनी स्टोअरच्या दाराशी आत दोरीला अल्कोहोलचा साधा थर्मामीटर टांगलेला. ते स्क्रीनकडे बघतच नाहीत. ''माझो थर्मामीटर खोटा बोलणा नाय'', हे वाक्य मी निदान शंभरदा ऐकलं असेल, आणि खरं सांगायचं तर त्यांचंच बरोबर होतं.

सेन्सर उघडून बघितला तर पीटी-१०० ला (तापमानाबरोबर रेझिस्टन्स बदलणारा सेन्सर) दोनच वायरी ओढलेल्या. साठ मीटर लांब, दीड स्क्वेअर एमएमची वायर, थेट पीएलसीच्या कार्डावर. आता पीटी-१०० म्हणजे शून्य अंशाला १०० ओहम आणि एका अंशाला साधारण ०.३९ ओहमचा फरक, एवढाच त्याचा खेळ. दीड स्क्वेअर तांब्याचा रेझिस्टन्स मीटरला १२ मिलिओहमच्या आसपास, जाऊन येऊन १२० मीटर, म्हणजे नुसत्या वायरीचाच दीड ओहम जवळ जवळ. पावणेचार अंश फुकट वाढले! आधीच्या कोणीतरी हुशाराने त्यावर उपाय म्हणून प्रोग्रॅममध्ये चार अंश वजा करून ठेवलेले. चाललं असतं हो ते, पुण्यात चाललंही असतं. इथे स्क्रूखाली हिरवा गंज धरला की तिथे अजून अर्धा-एक ओहम वाढतो, आणि तो पावसाबरोबर, मिठाबरोबर, दर महिन्याला बदलतो. मग वजा तरी किती करणार.

म्हणून ठरवलं की सेन्सरजवळच कंडिशनर टाकायचा, तीन वायरींचा पीटी-१०० घ्यायचा (तिसऱ्या वायरीमुळे वायरींचा रेझिस्टन्स हिशोबातून वजा होतो) आणि पुढे ४-२० मिलिअँपचा सिग्नल न्यायचा, रेंजच्या तळाला ४, टोकाला २०. करंट असल्यामुळे वायर लांब असली तरी फरक पडत नाही, आणि शून्याच्या जागी ४ मिलिअँप असल्यामुळे वायर तुटली की लगेच कळतं, शून्य म्हणजे तुटलेली. हे सगळ्यांना माहीत असतं तरी लिहितो, कारण आमच्या मालकांना मला हेच तीनदा समजवावं लागलं. ''म्हणजे एवढ्याशा डबीला २८०० रुपये?'' हा प्रश्न तर ठरलेला.

सहा टेंपरेचरच्या आणि चार आयसोलेटर (दोन बाजूंचा विजेचा संबंध तोडून फक्त सिग्नल पुढे देणाऱ्या) अशा दहा मागवल्या. आयसोलेटरची गोष्ट खाली येतेय, ती जास्त मजेची आहे.

डबी हातात आल्यावर पहिलं मत बरं झालं. वजनाला हलकी पण प्लॅस्टिक चांगलं, रेलवर टक् करून बसते, काढायला मात्र खालची पिवळी क्लिप स्क्रूड्रायव्हरने ओढावी लागते आणि पॅनेलमध्ये गर्दी असेल तर बोटं सोलून निघतात. रेंज आतल्या छोट्या स्विचांनी सेट होते, सॉफ्टवेअर नाही, केबल नाही, ॲप नाही. मला हे फार आवडलं. रात्री दोन वाजता कॉम्प्रेसर रूममध्ये लॅपटॉप उघडून ड्रायव्हर इन्स्टॉल करत बसायचं माझं वय राहिलेलं नाही. पण स्विचांचा तक्ता कुठे चिकटवलाय तर डबीच्या कुशीवर! म्हणजे शेजारी दुसरी डबी बसली की तक्ता दिसणं बंद. मी फोटो काढून प्रिंट पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलाय, तुम्ही पण तेच करा.

टेस्ट कशी केली ते सांगतो, कारण यासाठी कॅलिब्रेटर लागतोच असं नाही. रेंज ठेवली उणे ५० ते अधिक ५०. मग सेन्सरच्या जागी १०० ओहमचा ०.१ टक्केवाला रेझिस्टर लावला, तीन वायरीसाठी एका बाजूला दोन टर्मिनल शॉर्ट करून. शून्य अंश म्हणजे रेंजच्या बरोबर मध्यावर, १२.०० मिलिअँप यायला पाहिजे. माझ्या मल्टिमीटरवर आले १२.०१. दहाच्या दहा नाही पण सहाच्या सहा टेंपरेचरवाल्या तपासल्या, सगळ्यात वाईट होती ती १२.०३. मग सेन्सर लावून स्टोअरमध्ये सोडला, काकांच्या थर्मामीटरशेजारी. उणे १८ ला ९.१२ मिलिअँप यायला हवे, ९.१६ आले, म्हणजे पाव अंशाचा फरक. काकांनी आधी थर्मामीटर बघितला, मग बाहेर येऊन स्क्रीन बघितला, मग परत आत गेले. ''ह्या डब्यान काय थंडी वाढतली?'' असं सकाळी म्हणणारा माणूस संध्याकाळी म्हणाला, ''जुळला बग.'' यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मला नको.

इथे एक सांगून ठेवतो. डेटाशीटवर लिहिलंय ०.१ टक्का ॲक्युरसी, दुसऱ्या एका कंपनीची ०.०५ वाली मिळत होती दीडपट किमतीला. घेऊ नका. १०० अंशाच्या स्पॅनला ०.१ टक्का म्हणजे ०.१ अंश झाला, आणि आपण जो क्लास बी चा पीटी-१०० लावतो त्यालाच चुकायची सूट उणे १८ ला जवळ जवळ ०.४ अंश असते. सेन्सर चौपट चुकणार आणि आपण डबीत पैसे घालणार, काय उपयोग. ते पैसे चांगल्या ग्लँडमध्ये (केबल आत शिरते तिथलं सील) घाला.

आता आयसोलेटर. कॉम्प्रेसरच्या सक्शन लाईनवर प्रेशर ट्रान्समीटर आहे, उणे १ ते ५ बार. अमोनिया साध्या हवेच्या दाबाला उणे ३३ अंशाला उकळतो, आणि प्लेट फ्रीझरला आम्हाला उणे ४० लागतो, म्हणजे सक्शनला थोडं व्हॅक्यूमच असतं. तिथे ०.१ बार चुकलं तर अडीच-तीन अंश चुकले असं समजा. हा सिग्नल पीएलसीला जायचा आणि नंतर ऑफिसात नवीन रेकॉर्डर बसवला त्याला पण त्याच लूपमध्ये, म्हणजे त्याच करंटच्या वाटेत, घातला. ज्या दिवशी रेकॉर्डर जोडला त्या दिवसापासून दोन्हीकडचे आकडे बिघडले. रेकॉर्डर काढला की बरोबर, लावला की चूक. माझ्या आधीच्या माणसाने दोन रेकॉर्डर बदलून घेतले म्हणे, गॅरंटीत.

कारण अर्थिंग. आपल्याकडे खाली सगळा जांभा, त्यात चांगली अर्थ मिळणं म्हणजे नशीब, उन्हाळ्यात तर विचारूच नका. कॉम्प्रेसर रूमचा अर्थिंगचा खड्डा वेगळा, ऑफिसचा वेगळा. दोन्हींच्या मध्ये मल्टिमीटर लावला तर दीड व्होल्ट एसी दिसले आणि मोठा कॉम्प्रेसर स्टार्ट झाला की अजून वर. ट्रान्समीटरची बॉडी पाईपवरून इकडे अर्थ, रेकॉर्डरचं निगेटिव्ह तिकडे अर्थ, मग त्या दोन खड्ड्यांमधला करंट आपल्या सिग्नलच्या वायरीतून फिरतो. इकडचं पाणी तिकडच्या विहिरीत, आणि आपण म्हणायचं पंप खराब आहे.

इथे मी स्वतः एक मूर्खपणा केला तो पण लिहितो. आधी स्वस्तातले, बाहेरून सप्लाय न लागणारे, लूपवरच चालणारे आयसोलेटर आणले. लावले, आकडे स्थिर झाले, मी खुश होऊन घरी आलो. चार दिवसांनी फोन, प्रेशर कितीही वाढलं तरी स्क्रीनवर साडेचार बारच्या आत अडकतंय. डोकं लावलं तर साधं गणित. २४ व्होल्टचा सप्लाय आमच्याकडे लोडवर साडेतेवीस, ट्रान्समीटरला स्वतःला १२ लागतात, कार्डाचे २५० ओहम, रेकॉर्डरचे २५० ओहम, वर ही डबी स्वतः दोन-अडीच व्होल्ट खाते. १८ मिलिअँपच्या वर ढकलायला व्होल्टच उरत नाहीत! म्हणजे डबी खराब नव्हती, मी गणित न करता आणली. ती डबी अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, कोणाला पाहिजे असेल तर घेऊन जा.

मग ही वेगळा सप्लायवाली घेतली, एक इनपुट, दोन आउटपुट, तिन्ही-चारही बाजू एकमेकांपासून तोडलेल्या, १५०० व्होल्टपर्यंत. एक आउटपुट पीएलसीला, दुसरं रेकॉर्डरला. ट्रान्समीटरला २४ व्होल्ट पण हीच देते, वेगळी वायर नको. लावल्याक्षणी दोन्ही आकडे एक झाले आणि दीड वर्ष तसेच आहेत. या एका कामासाठी मी या डबीला पैकीच्या पैकी देतो, बाकी तक्रारी बाजूला ठेवून.

ड्राईव्हमुळे नाचणारा आकडा मात्र नुसत्या डबीने पूर्ण थांबला नाही हे कबूल केलं पाहिजे. कंपनीच्या सर्व्हिसला फोन केला, पलीकडचा पोरगा लगेच म्हणाला, ''सर, शिल्ड दोन्ही बाजूला अर्थ केलंय का?'' मला जरा राग आला, पण जाऊन बघितलं तर शिल्ड (केबलवरचं जाळीचं आवरण) होतंच अर्थ केलेलं, दोन्ही बाजूला. पॅनेलकडे ठेवलं, सेन्सरकडचं सोडवून टेप मारली. सिग्नलची केबल ड्राईव्हच्या पॉवर केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये गळ्यात गळे घालून होती ती वेगळी केली. मग थांबला. डबीत फिल्टरचा एक स्विच आहे, सावकाश आणि जलद. स्टोअरच्या टेंपरेचरला सावकाश ठेवा, तिथे काय सेकंदात काही बदलत नाही, प्रेशरला मात्र जलद.

आता शिव्या. पहिली आणि मोठी, टर्मिनलचे स्क्रू. पहिला पावसाळा संपला आणि बघतो तर सहापैकी दोन डब्यांच्या स्क्रूवर तांबूस पावडर आणि वायरीच्या टोकाला हिरवट. बाकीच्या ठीक. म्हणजे लॉट वेगळा असेल किंवा कोटिंग पातळ. आणि तीन वायरींचा पीटी-१०० असला म्हणून निर्धास्त राहू नका, तो हिशोब तिन्ही वायरींचा रेझिस्टन्स सारखा धरून चालतो. एकाच टर्मिनलला गंज लागला की तो फरक सरळ आकड्यात येतो, अर्धा ओहम म्हणजे सव्वा अंश. आमच्याकडे एका स्टोअरचा आकडा असाच हळूहळू उणे १७ वर सरकला, काकांच्या थर्मामीटरवर उणे १८. वायरींना टीन केलेले फेरुल (टोकाच्या धातूच्या टोप्या) दाबले, स्क्रू बदलले, थोडी कॉन्टॅक्ट ग्रीस, झालं. पण २८०० च्या वस्तूला हे मी का करायचं?

दुसरी, आतल्या सर्किटवर कोटिंग आहे का ते कुठेच लिहिलेलं नाही. मी एक उघडली, वॉरंटी गेली असेल, जाऊदे. वार्निशसारखा थर आहे, पण स्विचांच्या आसपास नाही. डेटाशीटवर आर्द्रता ९५ टक्क्यांपर्यंत आणि पुढे बारीक अक्षरात नॉन कंडेन्सिंग. आमच्याकडे जुलैत बाहेर वाळत टाकलेला टॉवेल तीन दिवस वाळत नाही, आणि हे म्हणतायत दव पडू देऊ नका!

पण खरी गंमत, जी मला दुसऱ्या वर्षी कळली, ती वेगळीच आहे. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बंदी आली की माल नाही, प्लेट फ्रीझर बंद, कामगार गावाला, आणि लाईट वाचवायची म्हणून त्या पॅनेलची मेन पण खाली. सिझनमध्ये पॅनेल चालू असतं तेव्हा आतल्या सप्लायची, ड्राईव्हची ऊब असते, आत हवा कोरडी राहते. नेमकं पावसाच्या दोन महिन्यांत आपण ती ऊब बंद करतो. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला बोटी परत सुटल्या, मेन वर केली की मग एकेक नखरे सुरू, ही डबी लाल लाईट मारते, ते कार्ड बोलत नाही, आणि सगळे म्हणतात माल फालतू आहे. चालवून नाही, बंद ठेवून खराब होतो तो. आता आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या तयारीच्या, कामांत मी एक काम वाढवलंय. मेन बंद करायची तर करा, पण २४ व्होल्टचा सप्लाय आणि पॅनेलमधला छोटा हीटर वेगळ्या एमसीबीवर टाकलाय, तो बंदीभर चालू. वॉचमनला सांगून ठेवलंय की हा लाल टिकलीवाला स्विच खाली करायचा नाही, अगदी मालक म्हणाले तरी. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ऑगस्टमध्ये दहापैकी नऊ डब्या पहिल्या झटक्यात चालू, दहावीचं सांगतोच.

अजून एक, कोल्ड स्टोअरमधून येणारा कंड्युट. आत उणे १८, बाहेर दमट, तो पाईप म्हणजे ओली हवा आत ओढायची नळीच. ती हवा थंड टोकाला जाते, पाणी होतं, बर्फ होतो, स्टोअर डीफ्रॉस्ट झालं की ते पाणी सेन्सरच्या डोक्यात (वायरी जोडायच्या डबीत). पाईपाची दोन्ही तोंडं सीलंटने भरा, डबी बाहेर ठेवा, आतल्या डोक्यात फक्त वायर जोडलेली असू दे.

दहावी डबी गेली मे महिन्यात, वळवाच्या पावसात. विजा असल्या कडाडत होत्या की कुत्रं पॅनेल रूममध्ये येऊन बसलं. जेट्टीकडच्या टाकीवर लेव्हल ट्रान्समीटर आहे, उघड्यावर, शंभरेक मीटर केबल. त्या लाईनवरचा आयसोलेटर मेला, ट्रान्समीटर मेला, पण मागचं पीएलसीचं कार्ड वाचलं. त्या कार्डाची किंमत अशा डझनभर डब्यांएवढी आहे, तेव्हा मी काय तक्रार करणार. मात्र आयसोलेटर म्हणजे वीज अडवायचं यंत्र नव्हे, नशिबाने वाचलो. आता तिथे दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका जमिनीत सोडणारा) आहे.

सेन्सर तुटला की आउटपुट वर न्यायचं की खाली, तो पण एक स्विच आहे, आणि कंपनीने पाठवताना खाली ठेवलेला असतो. फ्रीझरवाल्यांनी न विसरता वर करा. खाली असेल तर सेन्सरची वायर तुटल्यावर पीएलसीला वाटतं फार थंड झालं, कॉम्प्रेसर बंद, आणि सकाळी टनभर सुरमई घामेजलेली. वर असेल तर फार तर कॉम्प्रेसर रात्रभर धावेल. प्रोग्रॅममध्ये २१ मिलिअँपच्या वर गेलं तर आकडा न दाखवता सरळ सेन्सर खराब अशी बोंब मारायला सांगा. माझा एक मित्र आंब्याच्या पल्पच्या युनिटला आहे, त्याने माझं बघून तिथे पण वर केलं आणि अलार्म घातला नाही, मग तिथे उलटंच, सेन्सर तुटला तरी आकडा म्हणतो मस्त तापलंय. तापवायच्या कामात अलार्म नसेल तर दोन्ही बाजू धोक्याच्या.

याच कंपनीची लोड सेलवाली (वजनाच्या सेन्सरची) डबी पण एक आणली होती, पॅकिंगच्या ५० किलोच्या काट्याला. ती परत पाठवली. लोड सेल २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा, १० व्होल्ट दिले की पूर्ण ५० किलोला २० मिलिव्होल्ट, म्हणजे एका किलोला ०.४ मिलिव्होल्ट, एवढा बारीक सिग्नल. सकाळी शून्य केलेला काटा दुपारी ४० ग्रॅम दाखवायचा, पॅनेल गरम झालं की सरकायचा. दहा किलोच्या कोळंबीच्या पेटीला कोण सोसणार ते. परत घेतली मात्र वाद न घालता, पैसे आले, फक्त कुरियरला नऊ दिवस लागले कारण घाटात दरड आलेली.

तर मागवायची असेल तर मे उजाडायच्या आधी मागवा. पुढच्या खेपेला मी अजून सहा घेणार आहे, दोन जास्तीच्या, आणि ऑर्डर द्यायच्या आधी त्या सर्व्हिसवाल्या पोराला फोन करून विचारणार आहे की स्क्रू बदललेत का. काकांचा थर्मामीटर दोरीला आहे तसाच आहे, मी काढायला सांगितलेला नाही.